घरातले शस्त्र आणि स्वतःचे संरक्षण : ग्वाल्हेरकरांचे अनुभव

निमंत्रण

ग्वाल्हेर-चंबळ भागात खांद्याला बंदूक अडकवून बाजारात आलेल्या माणसाचे आजही कोणाला नवल वाटत नाही. १९६० मध्ये विनोबांपुढे आणि १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाश नारायणांपुढे बागींनी, म्हणजे चंबळच्या दरोडेखोरांनी, शस्त्रे खाली ठेवली. पुढे टोळ्यांचा काळही सरला, पण त्या भीतीपोटी काढलेले परवाने अनेक घरांत बापाकडून मुलाकडे येत राहिले. सामान्य माणसाने स्वसंरक्षणासाठी शस्त्र बाळगावे का, यावर मते पुष्कळ ऐकली आहेत. म्हणून विनंती अशी, की शस्त्र जवळ असताना किंवा नसताना आपल्या बाबतीत प्रत्यक्ष काय घडले, ते लिहावे. बाळगू नये असे माझे मत आहे, हे आधीच सांगते. विरुद्ध अनुभवही तितक्याच अगत्याने वाचीन.

निवृत्त बँक कर्मचारी, लष्कर (ग्वाल्हेर शहराचा भाग)

आमच्या वडिलांकडे बारा बोअरची दुनाली, म्हणजे दोन नळ्यांची बंदूक होती. ती साफ करायला काढली, की आम्हा मुलांना खोलीबाहेर जावे लागे; वडील नळी मोडून आत पाहत, तेलात भिजवलेली चिंधी गजाला गुंडाळून आरपार फिरवत आणि मग खिडकीच्या उजेडाकडे धरून पुन्हा पाहत. बंदूक एका कपाटात, काडतुसे दुसऱ्यात आणि किल्ली आईकडे, अशी त्यांची शिस्त होती. एका रात्री गच्चीवर पावले वाजली. आईला उठवून, दोन्ही कुलुपे काढून आणि काडतुसे भरून वडील जिन्याच्या तोंडाशी उभे राहीपर्यंत शेजाऱ्यांच्या आरड्याने चोर पळाले होते. जिन्यावरून अंधारात खाली उतरत होता तो माझा थोरला भाऊ. त्याने ‘बाबा’ अशी हाक मारली, म्हणून नळी खाली झाली. त्यानंतर वडिलांनी रात्री बंदुकीला हात लावला नाही. परवान्याचे नूतनीकरण, दर निवडणुकीत ठाण्यात बंदूक जमा करणे, तिथली पावती जपून ठेवणे, हे सारे मात्र त्यांनी अखेरपर्यंत निष्ठेने केले. त्यांच्यामागे परवाना माझ्या नावावर करता आला असता. मी बंदूक रीतसर जमा केली आणि या निर्णयाबद्दल माझ्या मनात किंतु नाही.

परिचारिका, थाटीपूर

रात्रपाळीवरून परतताना माझ्या पर्समध्ये मिरचीचा फवारा असतो. त्याला परवाना लागत नाही आणि समोरच्याचा जीव जाण्याचे भय त्यात फारसे नाही, म्हणून तो मला पटतो. पण वारा समोरून असला तर तो आपल्याच डोळ्यांत येतो, हे मुलींना कोणीतरी सांगायला हवे. मला खरा आधार झाला तो आम्ही चौघीजणींनी मिळून ठरवलेल्या रिक्षेचा.

शेतकरी, भितरवार तालुका

शहरात राहणाऱ्यांनी आमच्या परिस्थितीचा विचार करूनच मत द्यावे, ही कळकळीची विनंती. रब्बीत वीज रात्री येते, पाणी रात्रीच धरावे लागते, विहिरीवरची मोटर आणि तार चोरीला जाते आणि पोलिसांना ११२ वर फोन लावला तरी गाडी शेतापर्यंत यायला जो वेळ लागतो तेवढ्यात चोर निवांत निघून जातो. माझ्याकडे परवान्याची बंदूक आहे, हे चार गावांना ठाऊक आहे आणि माझ्या मते तेच तिचे काम आहे. माणसावर ती रोखण्याची वेळ आजवर आलेली नाही. ती काढून घेतली, तर कट्टा, म्हणजे बेकायदा गावठी पिस्तूल, बाळगणाऱ्यापुढे प्रामाणिक माणूस तेवढा निःशस्त्र होईल.

वकील, जिल्हा न्यायालय

शेतकरी बंधूंचे म्हणणे मला गंभीर वाटते, तरी एक गोष्ट नोंदवतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३४ ते ४४ या कलमांत स्वसंरक्षणाचा हक्क आहे. मात्र सरकारी यंत्रणेचे संरक्षण मागण्याइतका वेळ हाताशी असेल तर तो मिळत नाही आणि बचावाला आवश्यक तेवढ्यापेक्षा अधिक इजा करण्याची मुभाही त्यात नाही. क्षणात घेतलेल्या निर्णयाची चिकित्सा पुढे कित्येक वर्षे चालते आणि त्या काळात घराची जी फरफट होते, ती मी जवळून पाहतो.

गृहिणी, मुरार

विवाह-उद्यानात वरातीच्या वेळी आनंदाच्या भरात झाडलेली गोळी पंगतीत वाढणाऱ्या मुलाच्या दंडात घुसलेली मी पाहिली आहे. बंदूक स्वसंरक्षणाच्या परवान्याचीच होती. शस्त्र कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर अशा गोळीबाराला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते, तरी लग्नसराईत आवाज ऐकू येतातच.

निवृत्त बँक कर्मचारी, लष्कर

शेतकरी बंधूंना एक विचारावेसे वाटते : आपण सहकुटुंब बाहेरगावी जाता तेव्हा बंदूक कोठे असते?

शेतकरी, भितरवार तालुका

काका, आपला प्रश्न योग्य आहे. रिकाम्या घरात मी ती कधीच ठेवत नाही. परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करून पावती घेतो आणि परत आल्यावर सोडवून आणतो. लग्नाला मात्र ती कधीही नेत नाही. भावकी त्यावरून नाराज असते, तरीही नेत नाही.