मदत हवी आहे: शेलमधल्या अमोनाइटचे पापुद्रे सुटताहेत, पॅरालॉइड किती पातळ घ्यावं?

मऊ, पापुद्र्यांच्या शेलमध्ये (चिखल घट्ट होऊन बनलेला थरांचा दगड) तळहाताएवढा अमोनाइट (वेटोळ्या शिंपल्याच्या प्राचीन सागरी जीवाचा जीवाश्म) आहे. निम्मा मोकळा झालाय, पण आता सुई लागली की शिंपल्याचा चकाकता पातळ थर दगडासोबतच उचलला जातो.

भिंगाखाली पिन व्हाइसमधल्या (सुई पकडायची छोटी मूठ) सुईने काम चालू आहे. एनग्रेव्हर पेनच्या कंपनांनी तडे वाढतात, म्हणून ते बाजूला ठेवलं. पाणी लावलेलं नाही, शेल फुगतो. आणि कृपया व्हिनेगर सुचवू नका. शिंपला ॲरागोनाइटचा (आम्लात विरघळणारं कॅल्शियम कार्बोनेट) आहे, आधी तोच विरघळेल!

पॅरालॉइड बी-७२ (ठिसूळ भाग पक्के करायचं ॲक्रिलिक रेझिन) ॲसिटोनमध्ये ५ टक्के करून ब्रशने दिलं. ते आत मुरत नाही, वरच साय धरतं आणि दगडाचे कणही शिंपल्याला चिकटवून ठेवतं. पांढुरकी झाक आलेली नाही, म्हणजे ओलाव्याचा प्रश्न नसावा. सायनोॲक्रिलेट (सुपरग्लू) तडे पटकन धरेल, पण नंतर काढणं अवघड, म्हणून टाळतोय. कॉम्प्रेसर नाही, त्यामुळे एअर स्क्राइब (दाबाच्या हवेवर चालणारी कोरणी) बाद.

तर आधी नुसतं ॲसिटोन सोडून लगेच २-३ टक्क्यांचे हात दिले तर ते तड्यांत उतरेल का? आणि पुन्हा सुई लावण्याआधी किती वाळू द्यावं?