गिरणगाव लाल होतं ते भगवं झालं, म्हणून कामगाराला दोष देऊ नका

भायखळा_पूल : 'गिरणी कामगार अस्मितेला भुलला आणि स्वतःच्याच पोटावर पाय दिला' ही कालची पोस्ट वाचून राहवलं नाही. १९६७ साली याच गिरणगावाने कॉम्रेड डांग्यांना लोकसभेत पाठवलं. तीनच वर्षांनी कम्युनिस्ट आमदार कृष्णा देसाईंचा खून झाला, पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी उभ्या होत्या आणि तरी परळमधून शिवसेनेचे वामनराव महाडिक निवडून आले. एवढ्यात सगळ्यांची अक्कल गहाण पडली? आमच्या चाळीत नळाला पाणी नसलं, पोराच्या शाळेचा प्रवेश अडला, रात्री एखादी बाई अडली की माणूस सेनेच्या शाखेत जायचा. युनियनवाला भेटायचा गिरणीच्या गेटवर, तोही बोनस आणि भत्त्यापुरता. घरात बसलेला बेकार पोरगा गिरणीत नव्हताच, मग त्याचा वाली कोण?

लाल_बावटा : गेटवर? अमर शेख आणि अण्णाभाऊ संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी गेटवर गात होते की चाळीच्या चौकात? आणि कृष्णा देसाई कोण होते? लालबागमधली पोरं बांधणारा माणूस. म्हणून तर त्यांना संपवलं. त्याआधी दळवी बिल्डिंगमधल्या आमच्या युनियन ऑफिसवर हल्ला झाला तो विसरलात? मालकाला हात लावायचा नाही, मद्रासी टायपिस्टला शत्रू ठरवायचं, हे तुमचं राजकारण. मुख्यमंत्री वसंतराव नाईकांचा हात पाठीवर, म्हणून लोक 'वसंतसेना' म्हणायचे, उगाच नाही.

भायखळा_पूल : वसंतसेना घ्या, मान्य. पण मुख्यमंत्र्यांच्या आशीर्वादाने नळाला पाणी येत नाही. ते कुणी आणलं, तेवढं सांगा.

तिसरी_पाळी : तुम्ही १९७० वरच अडकलात. खरी माती झाली १८ जानेवारी १९८२ ला. वडील साच्यावर होते. अडीच लाख माणूस बाहेर, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. आईने भांडी विकली, मग खानावळ काढली. संपाचे पुढारी डॉ. दत्ता सामंत, त्या डॉक्टरांनी आमचं घर बुडवलं.

लाल_बावटा : डॉ. सामंतांवर बोलताना जपून. मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एकाच युनियनला मान्यता, ती काँग्रेसच्या राष्ट्रीय मिल मजदूर संघाची. कामगाराला ती नको होती, म्हणून तो डॉक्टरांकडे गेला. संपात एवढं सोसूनही १९८४ च्या काँग्रेस लाटेत त्यांना दक्षिण-मध्य मुंबईतून निवडून दिलं. बुडवलेल्याला कोण निवडून देतं?

तिसरी_पाळी : त्या खासदारकीने आमची चूल पेटली नाही. ज्याच्या घरात संप नव्हता त्याने आम्हाला शिकवू नये.

लाल_बावटा : माझे काका संपात होते. गावी गेले ते परत आले नाहीत. तुमचं एकट्याचंच घर बुडालं नाही.

लालबागची_सून : डॉक्टर बरोबर की चूक यावर आमच्याकडे अजून जेवणाची ताटं थंड होतात. संपानंतर माझे मोठे दीर घरात नुसते बसून. सासरे बोलायचे, दीर भिंतीकडे बघायचे. मग शाखेत जाऊ लागले. तिथे फळा लिहायचं काम मिळालं. अक्षर चांगलं होतं, लोक नावाने हाक मारू लागले. पुढे १९८५ साली महापालिका सेनेकडे गेली तेव्हा आमच्या अख्ख्या मजल्याने मत दिलं होतं. पण १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत गिरण्यांच्या जमिनी विकायला वाट करून दिली आणि २००१ च्या बदलाने घरांसाठी आणि मोकळ्या जागांसाठी सोडायचा वाटाही आकसला, तेव्हा त्या फळ्यावर यातलं एक अक्षर आलं नाही. महापालिका कुणाची होती? टॉवर उभे राहिले आणि दीर बदलापूरला गेले.

लाल_बावटा : हेच म्हणतोय.

लालबागची_सून : नाही, तुम्ही हे म्हणत नाही. तुम्ही त्यांना भुललेला म्हणता. दीर घरात बसून होते त्या दोन वर्षांत त्यांना लाल बावट्यातलं कुणी विचारायलाही आलं नव्हतं.

भायखळा_पूल : जमिनींबाबत आमची माणसं गप्प बसली, लिहून घ्या. पण गिरणी कामगारांच्या घरांसाठीच्या मोर्च्यात डावे पुढे असायचे, मीही चाललोय त्यात. तिथून घरी येऊन तीच माणसं मत मात्र धनुष्यबाणाला द्यायची. लाल बावटा, का द्यायची, तेवढं सांगा.