शाळा सुरू झाली, पण पोरगं अजून मामाच्या गावातच आहे

वडगावची आई:
नमस्कार. आमचा धाकटा यंदा तिसरीत गेला, मराठी मीडियम. एप्रिलमध्ये परीक्षा संपली तसं चंदगडला मामाकडं सोडलं होतं, दीड महिना काजूच्या बिया गोळा करणं, नदीवर जाणं आणि रात्री अकरापर्यंत अंगणात गप्पा. आता आपल्याकडं कर्नाटकात मे संपता संपता शाळा सुरू झाली आणि तिकडं महाराष्ट्रात जूनच्या मध्यापर्यंत सुट्टी. मामाची पोरं रोज रात्री व्हिडिओ कॉल करतात, फोन ठेवला की हा रडालाय, "त्यांना सुट्टी आहे मग मलाच का नाही" म्हणतो, ह्याला काय उत्तर देऊ? सकाळी साडेसहाला उठवलं तर पोट दुखतंय म्हणतो, रिक्षा दारात हॉर्न मारत थांबते. त्यात कन्नड वाचायला दिलं तर अक्षरंच ओळखंना झालाय. एकदा ओरडले, नंतर मलाच फार वाईट वाटलं.

खानापूरचा बाबा:
वहिनी, एकदम नऊला झोपवायला जाऊ नका, झोप येणारच नाही आणि रोजची भांडणं होतील. आम्ही मुलीची झोपायची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा-वीस मिनिटं अलीकडं आणली, उठायची मात्र पहिल्या दिवसापासून एकच, रविवारी पण तीच. उठल्या उठल्या उजेडात न्यायचं, दात घासायला अंगणातच. ६ ते १२ वर्षांच्या पोरांना रोज ९ ते १२ तास झोप लागते म्हणतात, म्हणजे साडेसहाला उठायचं तर साडेनऊला डोळा लागलेला पाहिजे, मग रात्रीचा कॉल कसा जमेल? आणि दप्तर, रेनकोट रात्रीच दाराजवळ. आमच्याकडं जूनात पाऊस लागला की युनिफॉर्म दोन दोन दिवस वाळत नाही, सकाळची निम्मी रडारड ओल्या कपड्यांपायीच असायची.

अनगोळची काकू:
मी तर म्हणते शाळेला लागेपर्यंत ते कॉलच बंद कर.

माजी शिक्षिका, बेळगाव:
काकू, बंद नको, त्यानं पोरगं जास्त तुटतं. कॉल संध्याकाळी शाळेतून आल्यावर घ्या, आणि ह्यानं पण काहीतरी दाखवायचं, नवीन पुस्तक, नवीन वर्ग, नाहीतर तिकडचीच मजा बघत बसतो.

आणि उत्तर तुमच्याकडंच आहे की ताई. एप्रिलमध्ये हा चंदगडला गेला तेव्हा मामाची पोरं सकाळी दप्तर घेऊन जात होती ना? तेव्हा ह्याची सुट्टी होती आणि त्यांची परीक्षा. त्यालाच आठवायला सांगा, आपलं आपण सापडलं की पोरांना पटतं. दसऱ्याला पण तसंच, आपली सुट्टी दसऱ्याला आणि त्यांची दिवाळीला.

कन्नडचं टेन्शन घेऊ नका. सुरुवातीचे दिवस सेतुबंध असतो, मागच्या वर्षीचंच परत घेतात, कारण सुट्टीत सगळीच पोरं विसरतात. घरात वही घेऊन बसवण्यापेक्षा खडेबाजारात नेऊन दुकानाच्या पाट्या वाचायला लावा, बसचे बोर्ड वाचायला लावा. मी माझ्या वर्गाला हेच सांगायची, आणि सुट्टीत मराठीशिवाय काही न बोललेली पोरं महिन्याभरात वाचायला लागायची.

पोटदुखीचं मात्र नीट बघा. रविवारी पण दुखत असेल तर डॉक्टरांना दाखवा. फक्त शाळेच्या सकाळीच दुखत असेल तर शेजारी कोण बसतं, डबा कुणाबरोबर खातो ते हळूच विचारा, झोपताना, दिवा घालवल्यावर. खोटं बोलतोस असं कधीच म्हणू नका, त्याला खरंच दुखत असतंय.

वडगावची आई:
बाई, काल रात्री विचारलं. त्याचा दोस्त दुसऱ्या सेक्शनला गेलाय, आठवडाभर डबा एकटाच खाल्ला म्हणे. मला माहीतच नव्हतं. आज जाऊन वर्गशिक्षिकेला भेटले, मधल्या सुट्टीत दोघांना एकत्र बसू देतो म्हणाल्या. एप्रिलची गोष्ट पण सांगितली, जरा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "हो, दादा तेव्हा गणितं करत होता". झोप अजून दहालाच येते, आजपासून पंधरा मिनिटं अलीकडं आणते.