मशिदीत जरूर डोकावा

वर कुणीतरी लिहिलंय की ताजमहालाच्या दोन बाजूंच्या लाल इमारती सारख्याच आहेत, एक पाहिली की पुरे. बाहेरून खरंच सारख्या आहेत, पण आत गेल्यावर फरक कळतो. पश्चिमेची खरी मशीद. तिथे भिंतीत मिहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, आहे आणि फरशीवर एकेका माणसापुरत्या मुसल्यांच्या (नमाजाच्या चटयांच्या) आकृत्या दगडात आखलेल्या आहेत. पूर्वेकडची इमारत, म्हणजे ‘जवाब’, फक्त तोल साधायला बांधलेली. तिथे मिहराबही नाही, या आकृत्याही नाहीत. मी आधी मशीद बघून मग पलीकडे गेलो, आणि त्या रिकाम्या फरशीवर नजर गेली तेव्हा अंगावर काटा आला. केवळ समतोलासाठी एवढी मोठी वास्तू!

आणखी एक. मशिदीजवळच बागेत एक छोटं दगडी कुंपण आहे, बहुतेक लोक न बघताच पुढे जातात. १६३१ मध्ये मुमताज बुऱ्हाणपूरला वारली. तिचं शव आग्र्याला आणल्यावर आधी इथे ठेवलं होतं असं मानतात. मी तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबलो. शुक्रवारी मात्र जाऊ नका, पर्यटकांसाठी ताज बंद असतो.