१.२ मिमी डिफ्यूजन: हालचालीमुळे पट्टे आणि काळ्या स्लाइस

प्रश्न (इंदूर): ३ टेस्लाचा एमआरआय, मेंदूचं डिफ्यूजन (पाण्याच्या रेणूंची हालचाल टिपणारा स्कॅन), १.२ मिमी आयसोट्रॉपिक (तिन्ही बाजूंना सारखंच माप), बी (डिफ्यूजनची संवेदनशीलता) १०००, ६४ दिशा, ४ शॉटचं ईपीआय (जलद चित्रण; इथे एका स्लाइसचा डेटा चार हप्त्यांत). काही स्लाइस काळ्या पडतात, काहींवर पट्टे. पॉन्सजवळ (ब्रेनस्टेमचा मधला भाग) तर रिपीट घेऊनही तेच. काय बदलू?

उत्तर (बडोदे): हे दोन वेगळे दोष आहेत. डिफ्यूजन ग्रेडियंट चालू असताना डोकं फिरलं की ती स्लाइस काळी पडते. तो सिग्नल परत मिळत नाही. पट्टे येतात ते शॉटांची फेज (सिग्नलच्या लहरीची स्थिती) एकमेकांशी न जुळल्यामुळे. त्याला मिलिमीटरचा अंशही पुरतो, म्हणून स्थिर पेशंटमध्येही नाडीच्या ठोक्यागणिक ब्रेनस्टेम हलून फेज बिघडते. दर शॉटला नॅव्हिगेटर (फेज मोजणारा जादा छोटा सिग्नल) सुरू आहे ना, ते आधी बघा. नसेल तर 'म्यूज' पद्धतीचं रिकन्स्ट्रक्शन लागेल. ते शॉटांमधला फेजचा फरक डेटातूनच काढतं. बोटाला पल्स सेन्सर लावून सिस्टोल (हृदयाचं आकुंचन) टाळता येतो, पण स्कॅन लांबतो आणि लांबलेल्या स्कॅनमध्ये पेशंट जास्त हलतो. ब्रेनस्टेमच हवा असेल तरच तो मार्ग घ्या.

उत्तर (ग्वाल्हेर): वरच्याशी सहमत. पण १.२ खरंच हवं का? २ मिमीच्या तुलनेत व्हॉक्सेल (चित्राचा त्रिमितीय ठिपका) साडेचार पटींहून लहान होतो, सिग्नलही तेवढाच घटतो. १.५ ला १.२ च्या जवळपास दुप्पट सिग्नल मिळतो आणि एका शॉटमध्ये काम होतं: ग्रॅपा (कमी डेटातून चित्र पुरं करणारी पद्धत) २ किंवा ३, एसएमएस (एकाच वेळी अनेक स्लाइस घेणं) २. एका शॉटची स्लाइस क्षणात घेतली जाते. ४ शॉटची ४ टीआरमध्ये (टीआर म्हणजे त्याच स्लाइसच्या दोन शॉटांमधला वेळ) पुरी होते; मधल्या काळात डोकं सरकलं तर एफएसएल या सॉफ्टवेअरच्या 'एडी'ला (हालचाल दुरुस्त करणारं साधन) ते उलगडता येत नाही.

दिशा पूर्ण गोलावर पसरवा, अर्ध्यावर नको. दर आठ-दहा व्हॉल्यूमनंतर (व्हॉल्यूम म्हणजे पूर्ण मेंदूचं एक चित्र) एक बी० (डिफ्यूजन ग्रेडियंटविना घेतलेलं चित्र) घाला, शिवाय उलट फेज-एन्कोडिंगचे (विरूपण उलट्या बाजूला येतं असे) दोन-तीन बी०. डीनॉइझिंग सगळ्यात आधी, मग टॉपअप (उलट बी० वापरून विरूपण काढणारं एफएसएलचंच साधन), मग एडी 'रिपोल' लावून. म्हणजे काळ्या स्लाइस अंदाजाने भरल्या जातात. एडीचा 'एमपीऑर्डर' (एका व्हॉल्यूमच्या आतली हालचाल किती बारकाईने धरायची ते) स्लाइस-गटांच्या संख्येच्या पाव ठेवा: ८४ स्लाइस, एसएमएस २, म्हणजे ४२ गट, साधारण १०. त्याला ग्राफिक्स कार्ड लागतं. ट्रॅक्टोग्राफीला (मज्जातंतूंचे मार्ग रेखाटणं) फिरवलेले बी-व्हेक्टरच (डोकं फिरलं त्याप्रमाणे एडीने सुधारलेल्या दिशा) द्या. हे हमखास विसरलं जातं.

प्रश्नकर्ता: नॅव्हिगेटर बंदच होता. १.५ चा एक शॉटही लावून बघतो.

उत्तर (बडोदे): कानाशेजारी फोम घट्ट बसवा, गुडघ्याखाली उशी द्या. दर सिक्वेन्सआधी पेशंटच्या भाषेत किती मिनिटं ते सांगा. तिकडे "हिलना मत", इकडे गुजरातीत "हलता नहीं". डिफ्यूजन पहिल्या दहा मिनिटांत उरका.