मदत हवी आहे: नारिंगी करेक्टर लावला की डोळ्यांखाली केशरी पट्टाच दिसतो!

मैत्रिणींनो, जरा सांगा. मावसबहिणीचं लग्न मे महिन्यात, ऐन नागपुरी उन्हात. माझा रंग गव्हाळ. डोळ्यांखाली निळसर काळी वर्तुळं, ओठांभोवती तपकिरी सावली. स्कूटीवर स्कार्फ बांधूनही कपाळ गालांपेक्षा काळवंडलेलं. नुसतं कन्सीलर (डाग झाकायचं त्वचेच्या रंगाचं क्रीम) लावलं की डोळ्यांखाली राख फासल्यासारखं दिसतं.

निळ्यावर नारिंगी, लालीवर हिरवा, म्हणजे रंगचक्रातला समोरचा रंग डागाचा रंग मारतो, हे गणित कळलं, म्हणून बर्डीच्या बाजारातून नारिंगी करेक्टर (फाउंडेशनखाली लावायचं रंगीत क्रीम) आणला. काल प्रयोग केला. मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, मग मुगाच्या दाण्याएवढा करेक्टर बोटाने थापटून, वरून ब्रशने फाउंडेशन. खोलीतल्या आरशात झकास! गॅलरीत उजेडात गेले तर आई म्हणते, "काय गं, संत्रा बर्फी खाऊन डोळ्यांना हात पुसलेस का?"

शंका अशी की ब्रश ओढताना खालचा थर सरकला असावा. फाउंडेशनही स्पंजने थापटूनच लावायचं का? की गव्हाळ रंगाला नारिंगी जास्तच गडद होतो, पीच घ्यायला हवा होता? ओठांभोवती तोच चालेल का? आणि दुपारच्या वरातीत घामाने सगळं वाहू नये म्हणून पावडर लावावी, तर डोळ्यांखाली बारीक रेघा पडतात. त्याचं काय करता तुम्ही?

पार्लरवाली म्हणते, "दोन शेड उजळ करून देते." ते नकोय मला. रंग माझाच हवा, फक्त सगळीकडे सारखा.

जमलं तर दिवसाउजेडी काढलेले तुमचे फोटोही टाका.