कामगार कायद्यात एलएलएम, प्राध्यापक व्हायचंय. नेट (प्राध्यापकीची राष्ट्रीय पात्रता परीक्षा) कोणत्या विषयात द्यावी?

मिरज_जंक्शन:
सांगलीत एलएलएमच्या शेवटच्या वर्षाला आहे. पूर्णवेळ शिकवायचंच आहे. नेटला लॉ घ्यावा की कामगार कल्याणाचा पेपर? वकिलीच्या सनदेचं काय करावं?

कृष्णाकाठ:
ताई, लॉच घ्या, कोड ५८. कोड ५५ मध्ये (कामगार कल्याण) तुमचा विषय भरपूर असल्याने मोह होतो, पण लॉ कॉलेजच्या जागेला तो उपयोगाचा नाही. आणि ५८ च्या दहा घटकांत कामगार कायद्याला स्वतंत्र घटकच नाही! न्यायशास्त्र, राज्यघटना, फौजदारी, कौटुंबिक कायदा यांवरच पास व्हावं लागतं. १५० प्रश्न, ३ तास. चुकीला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न सोडू नका. निकालात ‘फक्त पीएचडी’ गटात नाव आलं, तर सहायक प्राध्यापकाची पात्रता मिळत नाही. सेटही (राज्याची पात्रता परीक्षा) द्या. एलएलएमला ५५ टक्के (राखीव गटाला ५०) हवेतच.

वाई_वकील:
सनद लगेच सोडू नका. तासिका तत्त्वावर दिवसाला ३ तासांपर्यंत शिकवून वकिली करता येते, १९७९ च्या नियमांनुसार. पूर्णवेळ नेमणूक झाली की मात्र बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्या.

कुपवाड_शिफ्ट:
मुलाखतीचं सांगतो. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चारही नव्या कामगार संहिता लागू आहेत, पण निवाडे सगळे जुन्या कलमांवर आहेत. वहीत दोन रकाने पाडा: जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या २५-एफ (कामगार कपात) समोर औद्योगिक संबंध संहितेचं ७०, असं. दीडशे कामगारांचा कारखाना बंद करायला आधी सरकारची परवानगी लागायची. आता मर्यादा ३०० झाली, म्हणून लागत नाही. भरपाई मात्र द्यावीच लागते. एमआरटीयू-पल्प १९७१ (अनुचित कामगार प्रथांवरचा महाराष्ट्राचा कायदा) पक्का हवा: परिशिष्ट ४, बाब ६, आणि तक्रारीची ९० दिवसांची मुदत. बाब ६ साठी साखर कारखान्यातला खरा हंगामी कामगार आणि कायमपणाचे लाभ टाळायला वर्षानुवर्षं ‘बदली’ ठेवलेला कामगार, हा फरक उदाहरणासह मांडा.

डेमो लेक्चरला खात्यांतर्गत चौकशीची फाइल घ्या, नावं झाकून. आरोपपत्र, खुलासा, साक्षी, उलटतपासणी, अहवाल. चौकशी बहुतेकदा ढासळते ती उलटतपासणी नाकारल्यावर, किंवा अहवालाची प्रत न देताच बडतर्फीचा हुकूम निघाल्यावर. तो कागद मुलांच्या हाती द्या आणि चूक त्यांनाच शोधू द्या.

मिरज_जंक्शन:
खूप आभार. शिक्षक स्वतः ‘कामगार’ ठरतो का, हे विचारतात म्हणे?

कुपवाड_शिफ्ट:
हमखास. ठरत नाही, सर्वोच्च न्यायालयाचा सुंदरम्बाल निवाडा, १९८८. ग्रॅच्युइटी मात्र मिळते: २००९ ची दुरुस्ती, ३ एप्रिल १९९७ पासून लागू. दोन्ही एकत्रच सांगा.